टर्मिनलमधली लांब चाल: प्रवासी-मदतीच्या कामावर नव्याने येणाऱ्यांसाठी

मोठ्या टर्मिनलच्या दारापासून शेवटच्या गेटपर्यंत किलोमीटरभर चाल सहज होते. यात आराखडा करणाऱ्याचा फारसा दोष नसतो. लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानाचे पंख ६० ते ६५ मीटर पसरलेले असतात आणि शेजारच्या विमानापासून साडेसात मीटर मोकळे सोडावे लागतात. म्हणजे एका गेटमागे इमारतीची सत्तर-बहात्तर मीटर लांबी गेली. छोट्या विमानालाही चाळीसेक मीटर लागतातच. अशी दहा मोठी विमानं एका बाजूला ओळीने उभी केली की सातशे मीटर झाले. बीजिंगचं दाशिंग विमानतळ २०१९ मध्ये सुरू झालं, त्याचा आकार ताऱ्यासारखा आहे. फाटे मध्यातून फुटले की चाल कमी होते हा त्यामागचा हिशेब. तरीही मध्यापासून टोकाच्या गेटपर्यंत सुमारे ६०० मीटर उरलेच.

एवढं अंतर ज्याला झेपत नाही त्याला गेटपर्यंत पोचवायचं, हे तुमचं काम. व्हीलचेअर ढकलणं हा त्यातला सोपा भाग, दोन दिवसांत हात बसतो. अवघड गोष्टी दोनच आहेत. समोरच्या माणसाला नेमकं काय जमत नाही हे ओळखायचं, आणि दारापासून सीटपर्यंत तो एक क्षणही बेवारशी राहू द्यायचा नाही. कामातल्या बहुतेक मोठ्या चुका या दोहोंपैकी एकात होतात.

आधी रिकाम्या हाताने चालून घ्या

पहिल्याच आठवड्यात, प्रवासी सोबत नसताना, चेक-इनपासून प्रत्येक टोकाच्या गेटपर्यंत एकदा चाला आणि पावलं मोजा. तुमचं पाऊल किती सेंटिमीटरचं आहे ते दहा पावलं टाकून, मोजपट्टी लावून काढा. साधारण ७० ते ७५ भरेल. खिशातल्या वहीत चार गोष्टी टिपा: अंतर, बसायला जागा कुठे कुठे आहे, व्हीलचेअर आत वळेल एवढं मोठं टॉयलेट कुठे आहे, आणि कुठली लिफ्ट कुठल्या मजल्यावर थांबते. टर्मिनलच्या छापील नकाशात शेवटची गोष्ट हमखास अर्धवट असते. एखादी लिफ्ट फक्त आगमनाच्या मजल्याला लागते, एखादीला कर्मचारी कार्ड लागतं. प्रवासी खुर्चीत बसलेला असताना हे कळलं, तर उलटं फिरून यायला दहा मिनिटं जातात.

आता वेळेचा हिशेब. धडधाकट माणूस सेकंदाला सुमारे १.३ मीटर चालतो, म्हणजे ९०० मीटरला साडेअकरा मिनिटं. सावकाश चालणारे आजोबा सेकंदाला ०.७ मीटर चालले तर त्याच अंतराला एकवीस-बावीस मिनिटं लागतात, शिवाय मध्ये तीनदा बसले तर अर्धा तास. व्हीलचेअर गर्दीतून सुरक्षितपणे ढकलण्याचा वेग सेकंदाला एक मीटर धरा: पंधरा मिनिटं. त्यात प्रत्येक लिफ्टमागे तीन मिनिटं आणि सुरक्षा तपासणीची पंधरा मिनिटं मिळवा. टॉयलेटची दहा मिनिटंही धराच. नवीन माणसं ती धरत नाहीत आणि नेमकी तीच लागतात.

सरकत्या पट्ट्याबद्दल एक गैरसमज पसरलेला आहे. त्यावर उभं राहिलं की लवकर पोचतो असं वाटतं. साधा पट्टा सेकंदाला ०.५ ते ०.७५ मीटर सरकतो, म्हणजे सामान्य चालीच्या निम्मा. शंभर मीटरच्या पट्ट्यावर नुसतं उभं राहिलं तर अडीच मिनिटं लागतात, बाजूने चालत गेलं तर सव्वा मिनिट. पट्टा दम खायला उत्तम. वेळ वाचवायला तो त्यालाच उपयोगी पडतो, जो त्यावर चालतो. घाईत असलेल्या प्रवाशाला पट्ट्यावर उभं करून ‘आता आपण लवकर पोचू’ असं सांगू नका.

कागदावरचा कोड आणि समोरचा माणूस

तिकिटासोबत मदतीची मागणी नोंदवली असेल तर ती चार इंग्रजी अक्षरांच्या कोडने तुमच्या यादीत येते. जगभर सगळ्या विमान कंपन्या हेच कोड वापरतात, म्हणून ते पाठच हवेत. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिने चढता-उतरता येतात, विमानात सीटपर्यंत चालता येतं, फक्त टर्मिनलमधली लांब चाल झेपत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनाही जमत नाही, पण विमानाच्या दारापासून सीटपर्यंत चालतील. डब्ल्यूसीएचसी म्हणजे थेट सीटपर्यंत नेऊन बसवावं लागेल. शेवटचं अक्षर अनुक्रमे रॅम्प, स्टेप्स आणि केबिन या शब्दांचं, हे ध्यानात ठेवलं की घोळ होत नाही. याशिवाय बीएलएनडी म्हणजे दृष्टी नसलेला किंवा कमी असलेला प्रवासी, डीईएएफ म्हणजे ऐकू न येणारा, डीपीएनए म्हणजे बौद्धिक किंवा विकासाशी संबंधित अडचण असलेला. एमएएएस म्हणजे भेटून सोबत करायची आहे.

कोड बरोबरच असेल असं मात्र गृहीत धरू नका. तिकीट बहुतेकदा मुलाने किंवा एजंटने काढलेलं असतं. ‘व्हीलचेअर हवी’ एवढंच सांगितलं जातं आणि समोरचा सवयीने पहिला कोड टाकतो. मग ज्यांना उभंच राहता येत नाही अशा बाई रॅम्पवाल्या कोडने येतात. विमान जिन्याने चढायचं असतं आणि उचलणारी गाडी कुणी मागवलेलीच नसते. म्हणून भेटल्या भेटल्या तीन प्रश्न विचारा, तेही प्रवाशालाच, सोबत आलेल्या नातेवाइकाला नाही: जिना चढता येतो का? न थांबता किती चालता, या खांबापासून त्या खांबापर्यंत जमेल का? खुर्चीतून स्वतः उठता येतं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर कागदावर काहीही असो, कोड बदलून घ्यायला लगेच काउंटरवर सांगा. गेटवर गेल्यावर नको.

अंतर विचारताना मीटरमध्ये विचारू नका, कुणालाच सांगता येत नाही. समोर दिसणारी वस्तू दाखवा. अंदाजासाठी ब्रिटनच्या परिवहन खात्याच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शिकेतले आकडे कामाला येतात: काठी घेऊन चालणाऱ्याला विश्रांतीशिवाय ५० मीटर, आधाराशिवाय पण त्रासाने चालणाऱ्याला १०० मीटर, दृष्टिहीन आणि व्हीलचेअर वापरणाऱ्यांना १५० मीटर. म्हणजे काठीवाल्या माणसाला दर ५० मीटरवर बसायला जागा हवी. तुमच्या वहीत बसायच्या जागा टिपायच्या त्या यासाठी.

आणि एक. धडधाकट दिसणारा माणूस खुर्ची मागतो तेव्हा कपाळाला आठी घालू नका. हृदयाचा, फुप्फुसाचा, सांध्यांचा आजार बाहेरून दिसत नाही. शंभर पावलं झकास चालणाऱ्याला तीनशेव्या पावलाला धाप लागते. लंडनच्या गॅटविक विमानतळावर २०१६ मध्ये सूर्यफुलाचं चित्र असलेली हिरवी गळपट्टी सुरू झाली ती अशाच लोकांसाठी. आता ती अनेक देशांत दिसते आणि तिचा अर्थ एवढाच: ‘माझी अडचण दिसत नाही, मला थोडा जास्त वेळ द्या.’ काही जण फुकट सोय म्हणून खुर्ची मागतात हेही खरं आहे. पण कोण खरं आणि कोण खोटं हे चाचपडत बसलात तर शंभरातल्या एका लबाडापायी नव्याण्णवांचा अपमान होतो. ते ठरवणं तुमचं काम नाही.

खुर्ची घेण्याआधी आणि बसवताना

रांगेतली पहिली खुर्ची ओढून निघू नका. दोन्ही ब्रेक लावून ढकलून बघा. एक जरी चाक फिरलं तर ती खुर्ची बाजूला. पुढची छोटी चाकं थरथरतात का ते दहा पावलं चालवून पाहा. थरथरणारं चाक उंबऱ्यावर आडवं होतं आणि खुर्ची जागीच थांबते, बसलेला मात्र पुढे जातो. पाय ठेवायच्या दोन्ही पट्ट्या जागेवर आहेत का, कमरेचा पट्टा लागतो का, हेही पाहा. विमानतळावरच्या काही खुर्च्यांना हँडलजवळ एक दांडी असते. ती दाबून धरली तरच चाकं सुटतात, हात काढला की ब्रेक लागतो. अशी खुर्ची चांगलीच, पण तिच्या सवयीने साध्या खुर्चीचा ब्रेक लावायचं विसरू नका.

बसवण्याचा क्रम असा:

१. खुर्ची प्रवाशाच्या सीटशी साधारण काटकोनात किंवा थोडी तिरकी लावा, शक्य असेल तर त्यांच्या बळकट बाजूला. मध्ये पिशवी, दोरी, चप्पल काही नको.

२. दोन्ही ब्रेक लावा. पायपट्ट्या वर दुमडा. उभं राहण्यासाठी कुणालाही पायपट्टीवर पाय देऊ देऊ नका. खुर्ची पुढे उलटते.

३. काय करणार ते सांगा आणि विचारा: ‘मी हात कुठे देऊ?’ वर्षानुवर्षं व्हीलचेअर वापरणाऱ्याला स्वतःची पद्धत असते, तीच ऐका.

४. आधार द्यायचा तर कोपराखाली आणि पाठीशी. काखेत हात घालून ओढू नका. लकवा झालेल्या खांद्याचा सांधा अशाने निखळू शकतो.

५. पायांच्या मागे खुर्ची लागली की मगच बसायला सांगा. पूर्ण मागे सरकून बसू द्या, मग पट्टा लावा आणि पायपट्ट्या खाली घेऊन पाय त्यांवर ठेवा.

६. साडी, ओढणी, शाल, ऑक्सिजनची नळी, पिशवीचे बंद चाकांपासून दूर आहेत का ते दोन्ही बाजूंनी वाकून पाहा. कोपरं आत.

पहिल्या ढकलीआधी ‘निघूया?’ असं विचारा. कळायच्या आत खुर्ची हलली की माणूस दचकून पाय खाली टाकतो. पाय चाकामागे अडकून घोटा मुरगळण्याचे प्रकार असेच घडतात. पाऊल पट्टीवरून घसरतंय का हे वाटेतही बघत राहा. मागून ढकलणाऱ्याला पाय दिसत नाहीत, म्हणून वळणावर एकदा मुद्दाम बाजूने डोकवायचं.

उतार, उंबरा, लिफ्ट

सपाट फरशीवर कुणीही चालवेल. कस लागतो तो एरोब्रिजवर, म्हणजे गेटपासून विमानाच्या दारापर्यंतच्या बोगद्यात. त्याचा उतार विमानाच्या उंचीप्रमाणे बदलतो. १ ला १२ हा व्हीलचेअरच्या रॅम्पसाठी मानलेला चढ आहे. प्रवासी आणि खुर्ची मिळून शंभर किलो धरले तर अशा उतारावर तुमच्या हातांवर आठेक किलोची सततची ओढ येते. आठ किलो ऐकायला थोडे वाटतात. पण उतार ओला असेल आणि बूट गुळगुळीत असतील तर तेवढे पुरेसे आहेत.

म्हणून तीव्र उतारावर खुर्ची उलटी न्या. तुम्ही खालच्या बाजूला, पाठ उताराकडे, प्रवाशाचं तोंड वरच्या बाजूला. छोटी पावलं, दर चार-पाच पावलांनी मागे वळून पाहणं. प्रवाशाला आधी सांगा, ‘आता आपण उलटे उतरणार आहोत,’ नाहीतर ते घाबरतात. सौम्य उतारावर सरळ गेलं तरी चालतं, मात्र हँडल दोन्ही हातांनी धरायचं. एका हाताने खुर्ची आणि दुसऱ्याने चाकांची बॅग, हे दृश्य रोज दिसतं. खुर्ची हातून सुटण्याचं ते पहिलं कारण. बॅग ट्रॉलीवर, किंवा सहकाऱ्याकडे, किंवा लहान असेल तर प्रवाशाच्या मांडीवर.

एरोब्रिजचे भाग एकात एक सरकतात. जिथे एक भाग दुसऱ्यात शिरतो तिथे फरशीवर धातूची उतरती पट्टी असते, दोन-तीन सेंटिमीटर उंच. पुढची छोटी चाकं तिथे ठेचकाळतात. वेगाने गेलात तर खुर्ची थांबते आणि प्रवासी कमरेच्या पट्ट्यावर आदळतो. तिथे आधी थांबा, ‘छोटा धक्का बसेल’ असं सांगा, खुर्चीच्या मागे खाली असलेल्या नळीवर पाय दाबून पुढची चाकं दोन-चार बोटं उचला, पट्टीपलीकडे अलगद टेकवा, मग मागची मोठी चाकं चढवा. परतीच्या वाटेवर त्याच पट्टीवरून उलटं जाणं सोपं पडतं, मोठी चाकं आधी चढतात. विमानाच्या दाराशी असलेली फट आणि उंबरा याच पद्धतीने.

लिफ्टमध्ये पाठमोरे शिरा. मोठी चाकं फटीवरून आधी जातात, प्रवाशाचं तोंड दाराकडे राहतं आणि बाहेर पडताना समोर कोण आहे ते दोघांनाही दिसतं. सरकत्या जिन्यावर व्हीलचेअर कधीही नाही, रिकामीसुद्धा नाही. सरकत्या सपाट पट्ट्यावर बहुतेक ठिकाणी मनाईच असते आणि ती योग्य आहे: पट्टा संपतो तिथल्या दातेरी पट्टीत छोटं चाक अडकलं की खुर्ची थांबते, मागचे लोक मात्र सरकत अंगावर येत राहतात.

टर्मिनलांमधल्या छोट्या रेल्वेत, जी पहिल्यांदा टँपा विमानतळावर १९७१ मध्ये आली, खुर्चीची पाठ भिंतीला किंवा दांडीला टेकवून दोन्ही ब्रेक लावा. गाडीला चालक नसतो, ती झटक्यात सुटते आणि झटक्यात थांबते. दार बंद व्हायची सूचना सुरू झाली असेल तर घुसू नका. पुढची दोन-तीन मिनिटांत येतेच.

चालू शकणाऱ्यांना चालवणं

सगळ्यांना खुर्चीत बसवणं हा आळस आहे. ज्यांना थोडं चालता येतं आणि चालायचं आहे, त्यांच्यासोबत रिकामी खुर्ची घेऊन चाला. दमले की बसतील. त्यांच्या अर्धं पाऊल मागे, कमजोर बाजूला राहा. काठी कमजोर पायाच्या उलट हातात धरलेली असते, त्यावरून कुठली बाजू कमजोर ते कळतं. पायरी आली तर नियम सोपा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. सरकत्या पट्ट्यावर दोघं शेजारी उभे राहू नका, तुम्ही मागे राहा. पट्टा संपायला पाच मीटर असताना सांगा, ‘आता पाय उचलायचा आहे.’ उतरल्यावर तिथेच थांबू न देता तीन-चार पावलं पुढे न्या.

दृष्टिहीन प्रवाशाचा हात धरून ओढू नका. तुमचं कोपर पुढे करा, ते कोपराच्या वर धरतील आणि अर्धं पाऊल मागे चालतील. तुमच्या शरीराच्या हालचालीवरूनच त्यांना वळण कळतं. अरुंद जागी तुमचा हात पाठीमागे न्या, ते आपोआप मागे येतात. जिन्याआधी थांबा आणि ‘वर’ की ‘खाली’ ते सांगा. खुर्चीत बसवताना त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवा, बाकीचं त्यांना कळतं. पांढरी काठी त्यांच्या हातातून घेऊ नका. त्यांना चालता येत असताना व्हीलचेअरची सक्ती करणं तर साफ चूक आहे. घाईच्या वेळी ती सर्रास होते.

सुरक्षा तपासणी

इथे सगळ्यात जास्त वस्तू हरवतात. तपासणीच्या आधी मोठ्याने मोजा: फोन, पाकीट, पट्टा, चपला, औषधांची पिशवी, काठी. सहा वस्तू, किती ट्रे? पलीकडे तितकेच ट्रे उचलायचे. काठी एक्स-रे यंत्रातून जाते तेवढ्या वेळात प्रवासी आधाराविना उभा असतो, म्हणून काठी देण्याआधी त्यांना बसवा किंवा तुमचा हात द्या. खुर्चीतून उठता न येणाऱ्याची तपासणी बसल्या जागी हाताने होते. उठायचा आग्रह कुणी करत असेल तर नम्रपणे सांगा की त्यांना उभं राहता येत नाही. वेगळी खोली मागायचा हक्क असतो, बऱ्याच प्रवाशांना तो माहीत नसतो, तुम्ही सुचवा. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं उपकरण असेल तर धातूशोधकातून जाण्याआधीच प्रवाशाने सांगायला हवं. अधिकारी प्रवाशाला प्रश्न विचारत असताना त्यांच्या वतीने उत्तरं देऊ नका.

बग्गी

बॅटरीवरची बग्गी एका फेरीत पाच-सहा जणांना नेते, म्हणून वरिष्ठांना ती आवडते. पण तिची पायरी उंच असते. जिना न चढणाऱ्याला बग्गीत चढवायचा खटाटोप करू नका, त्यांना व्हीलचेअरच. गर्दीत बग्गीचा वेग चालणाऱ्याच्या वेगापेक्षा जास्त नको, कारण मागून येणाऱ्या बग्गीचा आवाज जवळपास येत नाही. हॉर्नपेक्षा तोंडाने ‘जरा बाजूला, प्लीज’ म्हटलेलं लोक ऐकतात. हॉर्नला दचकून ते नेमके समोर येतात. निघण्याआधी सगळ्यांचे पाय आत, हात दांडीवर. वळताना मागची चाकं कोपरा कापतात, तिथे उभ्या बॅगा पाडल्या जातात आणि कधी मुलांच्या पायाची बोटं सापडतात. बग्गी सोडून दोन पावलं जरी गेलात तरी किल्ली काढायची.

बग्गीचा खरा तोटा वेगळाच आहे. पाच प्रवासी, पाच गेटं. शेवटच्या माणसाला आपण पोचणार की नाही ही धाकधूक सगळ्या वाटेवर असते. ज्याचं विमान आधी सुटतं तो आधी, मग तो वाटेत शेवटी येत असला तरी. प्रत्येकाला बसतानाच सांगा की तुम्हाला किती वाजता गेटवर सोडणार.

गेटवर: सोडून देणं आणि सोपवणं

मदत लागणाऱ्यांना सगळ्यांच्या आधी विमानात घेतात, म्हणून बोर्डिंग सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी गेटवर असायला हवं. त्याही आधी टॉयलेट. विमानातलं टॉयलेट अरुंद असतं. ज्यांना सीटवरून उठणं कठीण त्यांच्यासाठी टर्मिनलमधलं हे शेवटचं सोयीचं टॉयलेट. संकोचाने कुणी आपणहून म्हणत नाही, तुम्हीच विचारा, आणि हळू आवाजात.

मग येतो खरा धोका. प्रवाशाला गेटजवळ बसवून तुम्ही दुसऱ्या फेरीला गेलात आणि गेट बदललं. घोषणा झाली, पण आजींना ती भाषा कळली नाही किंवा ऐकूच आली नाही. सगळे उठून गेले, त्या बसून राहिल्या. विमान चुकल्याच्या तक्रारींमध्ये हा प्रकार वारंवार दिसतो आणि त्यात दोष कुणाचाच नसतो, कारण प्रत्येकाने आपापलं काम केलेलं असतं. म्हणून निघण्याआधी गेटवरच्या कर्मचाऱ्याला प्रवासी दाखवा, नाव आणि सीट नंबर सांगा, ‘मी यांना तुमच्याकडे सोपवतोय’ असं स्पष्ट म्हणा आणि त्यांचं ‘हो’ ऐकून घ्या. कर्मचारी अजून आलेले नसतील तर जाऊ नका. जावंच लागलं तर वायरलेसवर नियंत्रण कक्षाला कळवा आणि प्रवाशाला परत येण्याची वेळ सांगा. अमेरिकेच्या नियमात, स्वतः हालचाल करू न शकणाऱ्या प्रवाशाला खुर्चीत ३० मिनिटांपेक्षा जास्त वेळ कुणाच्या देखरेखीविना सोडता येत नाही. तुमच्या देशात असा नियम असो वा नसो, तीस मिनिटं हा आकडा पाळण्यासारखा आहे. प्रवाशाला खुर्चीत ठेवून जाऊ नका हेही लक्षात असू द्या. त्यांना साध्या बाकावर बसायचं असेल तर बसवा, पाणी हाताला येईल असं ठेवा.

सीटपर्यंत नेण्यासाठी वेगळी, अरुंद खुर्ची असते, कारण विमानातली मधली वाट जेमतेम अर्धा मीटर रुंद. ती दोघांशिवाय वापरायची नाही. छातीचा, मांडीचा आणि पायाचा पट्टा, तिन्ही लावा. प्रवाशाचे हात छातीवर दुमडलेले हवेत, नाहीतर कोपरं सीटच्या हातांवर आपटत जातात. मार्गिकेकडच्या सीटचा हात बहुधा वर होतो, पण त्याचं बटण खालच्या बाजूला दडलेलं असतं. ते कुठे आहे ते रिकाम्या विमानात एकदा शोधून ठेवा.

उतरणाऱ्यांना घेताना

आगमनाला गाऱ्हाणी जास्त येतात. मदत लागणारे सगळ्यांत शेवटी उतरतात, आणि तोपर्यंत दारात कुणी उभं नसेल तर विमानातले कर्मचारीही अडकून पडतात. युरोपातल्या विमानतळांसाठी जे सेवेचे निकष वापरतात त्यात आधी नोंद केलेल्या प्रवाशांपैकी ८० टक्क्यांना विमान थांबल्यापासून पाच मिनिटांत आणि सगळ्यांना वीस मिनिटांत दाराशी मदत मिळायला हवी. त्यासाठी विमान यायच्या आधी खुर्च्या गेटवर पोचलेल्या हव्यात, नंतर नाही. मदतीची मागणी ४८ तास आधी नोंदवायला सांगतात ती यासाठीच: किती खुर्च्या आणि किती माणसं लागतील ते आधी कळावं. नोंद नसलेला प्रवासी आला तरी त्याला मदत द्यायचीच, फक्त नोंदवाल्यांनंतर.

आठ-दहा तास बसून आलेल्या माणसाला एकदम उभं करू नका. पाय सुजलेले असतात, चपला जात नाहीत, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. सीटच्या काठाशी बसवून दहा-पंधरा वेळा घोटे वर-खाली करायला सांगा, मिनिटभर थांबा, मग उठवा. निघताना जो स्वतः चालत चढला तो उतरताना खुर्ची मागतो, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

स्वतःची व्हीलचेअर घेऊन प्रवास करणाऱ्याला ती विमानाच्या दाराशी मिळणार की सामानाच्या पट्ट्यावर, हे निघतानाच विचारून खुर्चीच्या चिठ्ठीवर लिहून घ्यायला हवं. तिच्या सुट्या होणाऱ्या गोष्टी, म्हणजे उशी, पायपट्ट्या, बॅटरीच्या खुर्चीची नियंत्रण-दांडी, प्रवाशासोबत केबिनमध्ये. खाली सामानात गेल्या की त्या मोडतात किंवा हरवतात. खुर्ची परत मिळाल्यावर प्रवासी तिच्यात बसण्याआधी चाकं आणि ब्रेक तपासू द्या. मोडतोड दिसली तर तक्रार तिथेच, विमानतळ सोडण्याआधी नोंदवायची.

पुढचं विमान पकडायचं असेल तर वेळ उलट मोजा. गेट बंद व्हायची वेळ, त्यातून बोर्डिंगची दहा मिनिटं, त्यातून वाटेची मिनिटं, त्यातून पुन्हा तपासणी असेल तर ती. उरलेली वेळ पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तर निघण्याआधीच विमान कंपनीला कळवा. धावत खुर्ची ढकलून वाचलेली तीन मिनिटं एका उंबऱ्यावर जातात.

सामानाच्या पट्ट्यापाशीही काम संपत नाही. बाहेर कोण घ्यायला आलं आहे, त्यांचा फोन लागतो का, गाडी कुठल्या दाराशी येणार, हे आत असतानाच विचारा. नातेवाईक समोर आले की प्रवाशालाच ओळखू द्या, मग खुर्चीतून उठवा.

रिकामी खुर्ची ठरलेल्या जागी परत न्या, आणीबाणीच्या दारासमोर किंवा लिफ्टच्या तोंडाशी सोडू नका. हँडल आणि हात ठेवायच्या जागा पुसा, पट्टा सीटवर दुमडून ठेवा, दोन्ही ब्रेक लावा. डावीकडे ओढणारी किंवा ब्रेक सैल झालेली खुर्ची असेल तर तिला दुरुस्तीची चिठ्ठी बांधा आणि रांगेत न लावता वेगळी काढा.